अनुसया कोणाच्या जागी

आमच्या कॉलनीत दोनशे बारा क्वार्टर आहेत, अन् चूल एकाच क्वार्टरात पेटते. माह्या. बाकीच्यांच्या खिडक्यांतून बाभळी बाहेर आल्या. एकशे चौदा नंबरात एक रानडुकरीण पिल्लं घेऊन राहते. तिले मी म्याडम म्हणतो, कारण पहिले तिथं शाळेच्या म्याडम राहत होत्या. सकाळी ती नळावर पाणी प्याले येते, मी दात घासत उभा असतो. दोघं एकमेकांकडं पाहतो अन् आपापल्या कामाले जातो. दिवसातलं अर्धं बोलणं तिथंच संपते.

मी तुळशीराम कन्नाके. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. चांदा जिल्ह्यातल्या या खाणीत छत्तीस वर्षं छत ठोकलं. तुम्ही म्हणसान, हे काय काम झालं? तर ऐका. कोळसा काढून नेला का वर दगडाचं छत उरते. लोकं म्हणतात, दगड पडायच्या आधी सांगत नाई. सांगते. काठीनं ठोकलं का धरून असलेला दगड टण्ण वाजते, अन् सुटलेला दगड भद्द वाजते, फुटक्या मडक्यासारखा. पण आमचं छत लबाड आहे. रेतीच्या दगडामधी चिकणमातीचा एक पातळ थर आहे, दोन बोटं जाड. तो थर ओला असला का सुटलेला दगडही टण्ण वाजते. म्हणून मी उजव्या हातानं ठोकतो अन् डाव्या हाताची तीन बोटं दगडाले लावतो. कान फसते, बोट फसत नाई. हे मले कोणी शिकवलं नाई. दोन माणसं दबलेली पाहिली, मंग आलं.

कोळसा संपला त्याले नऊ वर्षं झाली. माणसं गेली. खाण मात्र गेली नाई, तिची बॅटरी केली. सोपं आहे. दिवसा सोलरची वीज उरते, त्या विजेनं खालच्या भुयारातलं पाणी वरच्या तळ्यात चढवतात. सूर्य कलला का तेच पाणी खाली सोडतात, खाली चक्र फिरते, वीज परत मिळते. पाणी तेच, खाली-वर, खाली-वर. पण मंग भुयार रोज भरते अन् रोज रिकामं होते. छत रोज ओलं, रोज कोरडं. माणूस असा रोज भिजला-वाळला तर महिन्याभरात खोकलते. दगडानं काहून धीर धरावा?

म्हणून छताले दर दहा पावलांवर एक खटका बसवला. खटका म्हणजे छोटीशी हातोडी, तिच्या बाजूले आवाज ऐकणारा एक कान, अन् दगडाची थरथर पकडणारी एक चकती. घंट्याघंट्याले हातोडी ठोकते. कच्चं निघालं का भोंगा वाजते, अन् खाली असलेला माणूस बाहेर पळते.

पण खटक्याले टण्ण अन् भद्द कसं समजन? ते माह्याकडून घेतलं.

चार वर्षांआधी वृषाली ठेंगणे नावाची पोरगी आली, इंजिनियर. माह्या बोटांवर तारा चिकटवल्या. मी ठोकायचं अन् म्हणायचं 'पक्का' नाईतर 'कच्चा', तिनं लिहायचं. सात महिन्यांत अकरा हजार ठोके झाले.

"काका, हे कच्चं आहे हे कसं ओळखलं?"

"ओळखलं."

"पण कसं?"

"अवं पोरी, तू तुह्या मायचा आवाज फोनवर कसा ओळखतेस?"

मंग तिनं विचारणं सोडलं. पायथन नावाची एक भाषा आहे, मशीनीशी बोलायची. त्या भाषेत तिनं ते अकरा हजार ठोके दळून-चाळून एक जागी मांडले. अशा मांडून ठेवलेल्या हुशारीले ते लोकं लायब्ररी म्हणतात. पुस्तकाचा तिच्याशी काही संबंध नाई. नाव काय देऊ म्हणे. मी म्हणलं, अनुसया टाक. घरवालीचं नाव. लग्न झाल्यापासून अवेळी भोंगा वाजला का ती गेटवर येऊन उभी राहायची. ऐकायचं काम तिच्याएवढं कोणी केलं नाई.

तिले फोनवर सांगतलं तर भडकली. "माह्यं नाव खाणीत टाकलं? मले कधी खाण दाखवली का तू?"

"आता रोज खालीच राहशीन."

"मर."

अनुसया नागपूरले असते, पोरीकडं. सुगंधाच्या बाळंतपणाले म्हणून गेली, जुळे झाले, त्याले आता पाच वर्षं होतील. यायचं नाव नाई. चुकी तिची नाई. इथं काय आहे? डुकरीण आहे. मीच तिले वचन दिलं होतं का माह्या कान मशीनीत उतरला का मी आलोच. रविवारी फोन करायची तेव्हा पहिलं वाक्य तेच. "उतरला का?" मी म्हणायचो, उतरून राहिला.

अन् उतरला. दोन वर्षं खटक्यांनी एकही ठोका चुकवला नाई. मी सवयीनं आठवड्यातून एकदा काठी घेऊन खाली जायचो, मशीनीचं अन् माह्यं जुळायचं. खाली रोज जाणारा माणूस एकच, रामलू बंडारी. पंप-फिटर. नदीपलीकडून मोटरसायकलनं यायचा, दोन घंटे चक्र तपासायचा अन् जायचा. उतरायच्या आधी खिडकीशी येऊन विचारायचा, "ए तुळशी, वहिनी काय म्हणते?"

मी पडद्यावर पाहायचो. "वहिनी म्हणते पक्का आहे, जा."

"अन् येताना काय आणू म्हणते?"

"तिच्या नवऱ्यासाठी तंबाखूचा खर्रा आण म्हणते."

रोज तोच विनोद. रोज दोघंही हसायचो. दिवसातलं उरलेलं अर्धं बोलणं ते.

मंग नवा नियम आला. अशा बॅटरी झालेल्या खाणी राज्यात सव्वीस, त्या सगळ्यांच्या मशीनींवर लक्ष ठेवाले एक कचेरी निघाली, भूगर्भ भांडार. भांडारानं सांगतलं का मशीनीत कोणी सुटं सामान टाकायचं नाई. जे टाकायचं ते पॅकेज करून, शिक्का मारून, भांडाराच्या मार्फत. वृषालीनं मले खाणीच्या स्टोअरवरून समजावलं. तुमच्याकडं सुटे पाने, सुटे नट-बोल्ट आहेत, ती झाली लायब्ररी. ते गाठोड्यात बांधले, वर चिठ्ठी लावली, ते झालं पॅकेज. स्टोअरचा बाबू गाठोडं खोलून पाहत नाई, चिठ्ठी वाचते. चिठ्ठीवर नाव, कितवी आवृत्ती, सोबत काय-काय लागते. तेवढ्यावर तो ठरवते का कोणतं ठेवायचं अन् कोणतं फेकायचं.

"अन् चिठ्ठीवर नाव कोण लिहिते?"

"गाठोडं बांधणारा प्रोग्राम लिहितो काका. आपण काही सांगितलं नाही तर तो आपोआप पुढे 'पायथन-थ्री' लावतो अन् मग लायब्ररीचं नाव. सगळ्यांची एक शिस्त राहते."

तर माह्यी अनुसया झाली पायथन-थ्री-अनुसया. नावाले काय, म्हणलं, चालू दे. भांडाराच्या यादीत तिचं नाव लागलं. बाकी पंचवीस खाणींनी तिले मागून नेलं. मले छाती फुगल्यासारखं झालं, खोटं काहून बोलू. अन् वृषालीनं सांगतलं का आता तिची देखभाल भांडार करीन. "काका, तुम्ही मोकळे." तिले स्वतःले नाशिकले दुसरी नोकरी लागली होती. मी अनुसयाले फोन केला, पंधरा तारखेचं ठरवलं. तिनं बाल्कनीत खाट टाकून ठेवली. "ऊन येते," म्हणे, "पण तुले उनाची सवय नाई, पडदा लावते."

पंधरा तारखेले तीन आठवडे होते. मंगळवारी मी काठी घेऊन सात नंबरच्या भुयारात गेलो. पडद्यावर पक्का लिहून होतं. मी ठोकलं, टण्ण. बोटं लावली अन् उठवली. पुन्हा लावली. दगड बोटाखाली असा हलत होता जसा गायीच्या पोटात वासरू हलते.

रामलू मागून येत होता. "थांब बे," म्हणलं, "पुढं येऊ नको."

"वहिनी पक्का म्हणते ना?"

"वहिनीचं डोकं फिरलं."

त्याले राग आला, काम अडलं म्हणून. मी खांब लावून रस्ता बंद केला. दोन दिवसांनी ते आपोआप पडलं. म्हैस बसावी एवढा दगड.

वृषालीले फोन केला. तिनं नाशिकहून पाहिलं. मंग म्हणे, "काका, ही तुमची अनुसया नाही."

झालं असं होतं. सव्वीस खाणींतले ठोके भांडारात जमा व्हायचे. त्यांनी सव्वीस छतांचं सगळं एका कढईत घातलं अन् ढवळलं. त्यातून नवी अनुसया काढली. पंचवीस खाणींत तो चिकणमातीचा थर नाई, तिथं बोटाची गरजच नाई, तर नव्या अनुसयानं बोटाकडं, म्हणजे त्या थरथर पकडणाऱ्या चकतीकडं, लक्ष देणं सोडून दिलं. पंचवीस जागी ती पहिल्यापेक्षा हुशार. आमच्या जागी आंधळी. नाव तेच, आवृत्ती वरची. बाबूनं चिठ्ठी वाचली, जुनं गाठोडं काढलं, नवं ठेवलं. कोणाची चुकी म्हणाल?

भांडारात अर्ज केला. उत्तर आलं, गोड भाषेत. तक्रार नोंदवली आहे, पुढच्या फेरतपासणीत विचार होईल. फेरतपासणी दहा महिन्यांनी.

वृषालीजवळ जुनी अनुसया होती, ठेवलेली. म्हणे, "तिचं आपण वेगळ्या नावानं पॅकेज करू. भांडार पायथन-थ्री-अनुसयालाच बदलतं. नाव वेगळं असलं की तिला कोणी हात लावणार नाही. पण तुमच्या मशीनीवरून तुम्हालाच करावं लागेल, माझा आता तिथं हक्क नाही."

तर एका दुपारी मी बसलो, कानाले फोन, एका बोटानं टाइप. ती सांगे, मी एकेक अक्षर शोधे. चौकोन आला, नावाच्या पुढं काय लावायचं.

"इथं 'पायथन-थ्री' आपोआप येईल, ते खोडा. त्याला सांगा, लावू नको. तुमच्या मनाचं लावा."

"आडनाव लावलं तर चालन का?"

ती हसली. "धावेल."

कन्नाके-अनुसया. लग्नाले एकेचाळीस वर्षं झाली, आडनाव तेव्हाच लागलं होतं, पण स्वतःच्या हातानं लिहायची पहिलीच वेळ. मले बरं वाटलं.

"आता खाली एक रकाना आहे, कोणाच्या जागी. तिथं पायथन-थ्री-अनुसया लिहा."

"काहून?"

"कारण भोंगा अजून त्याच नावानं हाक मारतो काका. भोंग्याच्या चिठ्ठीवर लिहिलंय, मला पायथन-थ्री-अनुसया लागते. तुमची नवी नुसती येऊन बसली तर तिला कोणी विचारणार नाही. तिनं सांगायचं, मी तिच्या जागी आले, तिचं काम मी करते. बदली कामगार नसतो का?"

आता बदली काय असते ते सांगतो. पक्का कामगार गैरहजर असला का त्याच्या जागी खाली उतरणारा तो बदली. मी पहिली नऊ वर्षं बदली होतो. गेटवर रांगेत उभं राहायचं, पाळीचा सरदार ओरडायचा, "कोणाच्या जागी?" आपण दुसऱ्याचं नाव सांगायचं, ते वहीत लिहायचं, मंग खाली सोडायचे. शंकरच्या जागी. पोचमच्या जागी. नऊ वर्षं मले त्या गेटवर माह्यं नाव कोणी विचारलं नाई. एकदा पोचमच्या जागी उतरलो अन् दगड लागला, तर दवाखान्यात दोन दिवस माह्या खाटेवर पोचम लिहून होतं. अनुसया शोधत फिरली.

मी त्या रकान्याकडं पाहत राहिलो.

"लिहिलं का?" वृषालीनं विचारलं.

"हाव," म्हणलं.

नाई लिहिलं. रिकामा ठेवला. माह्या अकरा हजार ठोक्यांची अनुसया त्या आंधळीच्या जागी काहून उतरन? मूळची हीच होती. तीच खरी बदली. मी मनात म्हणलं, आपण आता कोणाच्या जागी नाई. अन् मशीनीनं काही कुरकुर केली नाई. पडद्यावर आलं, कन्नाके-अनुसया हजर. हिरवा दिवा लागला.

अजून एक रकाना होता, सांभाळणारा कोण. वृषाली अडखळली. "काका, हा नीट ऐका. भांडाराच्या नावाचं पॅकेज भांडार सांभाळतं. स्वतःच्या नावाचं ज्याचं त्यानं. तिथं राहणारा माणूस पाहिजे, दर महिन्याला स्वतः तपासून सही करणारा. तुमचं नाव लिहिलं तर तुम्हाला जाता येणार नाही."

"दुसरं कोणाचं लिहू?"

"दुसरं कोण आहे?"

मी माह्यं लिहिलं. म्हणलं, पंधरा तारीख जरा पुढं ढकलू, कोणी ना कोणी भेटन. अनुसयाले सांगतलं का थोडं काम निघालं. ती म्हणे, खाट तशीच राहू दे का उचलू? राहू दे म्हणलं.

दुसऱ्या दिवशी रामलू खिडकीशी आला. सातच्या दगडानं तो जरा बिचकला होता. "वहिनी काय म्हणते?"

"आता खरी वहिनी आली. आडनावासकट. बिनधास्त जा."

बारा दिवस तो बिनधास्त गेला. मीही आठवड्याची काठी त्या आठवड्यात चुकवली. काहून जाऊ? माह्या कान खाली होता ना.

तेराव्या दिवशी सकाळी अकराले जमीन हलल्यासारखी वाटली. भोंगा वाजला नाई. खालचा फोन वाजला, उचलला, तर नुसता श्वास. मी पळालो. या वयात जेवढं पळता येते तेवढं.

नऊ नंबरात तो पडून होता. डावा पाय गुडघ्याखाली दगडाखाली. बॅटरीच्या उजेडात धूळ उडत होती. मी वर बोटं लावली, उरलेलं धरून होतं, मंग जॅक लावला.

"तुळशी," तो म्हणला, "भोंगा वाजला का? मले ऐकू आला नाई."

"बोलू नको."

"मले ऐकूच आला नाई रे. माह्या कान गेला काय?"

"तुह्या कान ठीक आहे."

"मंग?"

मी जॅक फिरवत राहिलो. दुसरं काय करणार होतो?

गाडी येऊन त्याले चांद्याले घेऊन गेली. मी वर येऊन मशीनीपुढं बसलो अन् दोघींच्या वह्या उघडल्या. भोंग्यानं अन् पडद्यानं सकाळभर पायथन-थ्री-अनुसयाले विचारलं होतं. ती म्हणत होती, नऊ नंबर पक्का. कन्नाके-अनुसयाची वही वेगळी होती. तिनं आठ वाजता लिहिलं होतं, नऊ नंबर कच्चा. नऊ वाजता, कच्चा. दहा वाजता, कच्चा. तिनं तीनदा सांगतलं. तिले विचारलंच नव्हतं कोणी.

चौकशी झाली. मी सगळं सांगतलं, रकान्यासकट. त्यांनी लिहून घेतलं, मले ताकीद दिली, अन् कामावर ठेवलं. दुसरा कोण येणार होता इथं.

रामलूचा पाय गुडघ्याखाली काढला. मी भेटाले गेलो तेव्हा तो खिडकीकडं तोंड करून होता. मी केळी ठेवली. आवाज ऐकून वळला.

"एक सांग," म्हणे. "वहिनीले समजलं नव्हतं का?"

"समजलं होतं. तीन घंट्यांआधी."

"मंग?"

मी सांगतलं. तो रकाना, ते नाव, ते सगळं. मले वाटलं शिव्या देईन, अन् शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काहून नाई लिहिलं?"

"'कोणाच्या जागी' लिहायची लाज वाटली."

"मी बावीस वर्षं बदली होतो तुळशी," रामलू म्हणला. "शेवटी परमनंट झालो तर खाण बंद झाली. मले कधी लाज नाई वाटली. दुसऱ्याचं नाव घेऊन गेलो, काम केलं, घरी आलो. नाव काय, खाली दगडाले माहीत असते का?" मंग पुन्हा खिडकीकडं वळला. "जा आता. तुह्यी गाडी सुटन."

गाडीले अजून दोन घंटे होते. तो नंतर मंचेरियालले पोराकडं गेला. फोन लावतो, वाजते, उचलत नाई. दर दोन-चार दिवसांनी लावतो. वाजते म्हणजे चालू आहे.

त्या दिवशी मी परत येऊन तो रकाना भरला. कोणाच्या जागी: पायथन-थ्री-अनुसया. एका बोटानं, एकेक अक्षर. दाबलं, अन् भोंग्यानं त्याच घडीले हाक मारली अन् माह्यीनं उत्तर दिलं. दोन मिनिटांचं काम होतं. अन् सांभाळणाऱ्यामधी माह्यं नाव होतं, ते खोडता आलं असतं. खोडून, भांडाराचं पॅकेज ठेवून, नागपूरच्या बाल्कनीत बसता आलं असतं. नवा फिटर लागला होता. मले साहेब म्हणायचा, खिडकीशी यायचा नाई, सरळ खाली जायचा. त्याचा चेहरा मी नीट पाहिलाही नव्हता. पण तो त्या थराखालून जात होता, रोज.

अनुसयाले फोन केला.

"मंग तू येत नाईस," ती म्हणे.

"असं नाई, जरा..."

"सरळ बोल."

"नाई येत."

"किती दिवस?"

"दगडाले बोटं लावणारा दुसरा भेटेपर्यंत."

"भेटन का?"

मी थाप माराले तोंड उघडलं, पण निघाली नाई. "नाई."

तिकडून जुळ्यांचा गोंधळ ऐकू येत होता, कोणीतरी काहीतरी सांडलं होतं. "खाट उचलते मंग," म्हणली अन् ठेवला.

तीन रविवार फोन आला नाई. मी दिवसभर क्वार्टरात बसायचो, फोन चार्जिंगले लावून, अन् आवाज मोठा करून. एकदा वाजला तर कोणी विमा विकत होता, त्याच्यासंग मी पाऊण घंटा बोललो. त्यानंच शेवटी ठेवला. म्याडमची पिल्लं मोठी झाली अन् निघून गेली. ती एकटीच नळावर यायची.

चौथ्या रविवारी सकाळी आला.

"पॅकेज सांभाळायच्या कागदावर दोन नावं लागतात म्हणे," अनुसया म्हणे. कसा आहे नाई, काय नाई. "सुगंधानं वाचून दाखवलं. सांभाळणारा, अन् त्याच्यासंग दुसरा ऐकणारा."

"हाव. दुसरा रिकामा आहे."

"दुसरा कुठंही राहत असला तरी चालते म्हणे."

"चालते. पण परीक्षा आहे. शंभर ठोके ऐकून ओळखा लागतात."

"माह्यं नाव टाक."

"तुले काय येते त्यातलं?"

"अन् तुले काय येत होतं पहिले? शिकव."

"फोनवर?"

"मंग काय तू येऊन राहिला काय इथं?"

तर आता रविवारचं असं आहे. सकाळी आठले मी खाली उतरतो. भुयारातला फोन बाहेर जोडता येते, ते वृषालीनं करून दिलं. दोरी लांब आहे, मी फोन डाव्या हातात धरतो, उजव्या हातानं ठोकतो. ती नागपुरात बाल्कनीत बसते, दार लावून, म्हणजे जुळे आत येऊ नये. पहिल्या रविवारी तिनं वीसपैकी सोळा चुकवले. मी हसलो तर म्हणे, तू नीट ठोकत नाईस. दुसऱ्या रविवारी अकरा चुकवले. तिनं कुकरच्या भांड्यांवर, भिंतीवर, दारावर ठोकणं सुरू केलं, जावई वैतागला म्हणे. नंतर चुकायची तेव्हा चिडून म्हणायची, "पुन्हा ठोक," अन् मी पुन्हा ठोकायचो. मधी-मधी काहीच नाई, नुसतं पाणी टपकायचं, अन् तिकडून तिचा श्वास. एवढा वेळ आम्ही लग्नानंतर कधी संग बसलो नव्हतो.

मागच्या रविवारी मी चौदा नंबरात होतो. तिथं खटके बसवलेले नाईत, जुनं भुयार आहे, फिटर तिथं जात नाई. मी म्हणलं आज नवीन जागा देऊ तिले. ठोकलं.

मी फोन तोंडाशी आणला.

"पक्का का कच्चा?"

"पुन्हा."

पुन्हा ठोकलं. टण्ण. मलेही टण्णच ऐकू आलं. डाव्या हातात फोन होता, बोटं लावली नव्हती.

"तू कुठं उभा आहेस?" तिनं विचारलं.

"कुठं म्हणजे? जिथं ठोकलं तिथं. खाली."

"बाजूले हो."

"अवं, टण्ण वाजलं ना."

"वाजलं. तू बाजूले हो पहिले, मंग सांगते."

मी चार पावलं मागं सरकलो. खांबापाशी येऊन थांबलो.

"झालास का?"

"झालो," म्हणलं.